हिल, ब्राऊन, डिग्ज: इतके चांगले रिसीव्हर संघ का सोडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘अमेरिकेत आल्यापासून आमच्या घरी सगळेच एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघतात. एक गोष्ट मात्र समजत नाही. टायरीक हिल, ए. जे. ब्राऊन, स्टेफॉन डिग्ज, दावांते ॲडम्स, डीबो सॅम्युएल, कूपर कप अशा एकाहून एक वाइड रिसीव्हरना त्यांचे संघ जाऊ देतात. चांगला क्वार्टरबॅक असा कोणी सहसा सोडत नाही. मग रिसीव्हरच का? पैसा, स्वभाव, की प्रशिक्षकाचा अहंकार?’

(नवख्यांसाठी: क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, वाइड रिसीव्हर धावत जाऊन तो झेलतो.) मुख्य कारण पैसा. पण बातमीच्या मथळ्यात झळकतो तो पैसा वेगळा आणि संघाच्या कार्यालयात मोजला जातो तो वेगळा. मी बरीच वर्षं खेळाडूंच्या एजंटांसाठी करारांचे आकडे मांडण्याचं काम करतो आहे, आणि याबाबत माझं मत पक्कं झालं आहे. रिसीव्हर आज कसा खेळतो यावर त्याचं राहणं-जाणं फार कमी वेळा ठरतं. त्याला ठेवायचं तर पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी कोणाकोणावर पाणी सोडावं लागेल, यावर ते ठरतं. आणि सोडण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे त्या दिवशी कळतच नाही. सुटलेल्या पैशाचं आणि बदल्यात मिळालेल्या ड्राफ्टमधल्या (कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघ फेरी-फेरीने, क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) निवडींचं संघ पुढे काय करतो, ते पाहावं लागतं. आपण सगळे सौद्याच्या दिवशीच निकाल लावून मोकळे होतो.

आधी चौकट समजून घ्या. प्रत्येक संघाला खेळाडूंवरच्या खर्चाची सारखीच वार्षिक मर्यादा असते, तिला सगळे कॅप म्हणतात. आयपीएलच्या लिलावातली पर्स डोळ्यांसमोर आणलीत तरी चालेल. करोनामुळे ही मर्यादा २०२१ मध्ये घसरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर आली होती. २०२२ मध्ये ती २० कोटी ८२ लाख झाली, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. टीव्हीच्या हक्कांचे नवे करार २०२१ च्या मार्चमध्येच झाले होते, त्यामुळे कॅप वर जाणार हे सगळ्यांना आधीपासून दिसत होतं. एजंटांना तर सगळ्यात आधी.

म्हणूनच २०२२ चा मार्च-एप्रिल नीट पाहिला, तर या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच सापडतं. सुरुवात झाली ख्रिश्चन कर्कपासून. जॅक्सनव्हिलने त्याला ४ वर्षांसाठी ७ कोटी २० लाखांचा करार दिला, म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी ८० लाख. चांगला, मेहनती खेळाडू. पण तोपर्यंत एकाही मोसमात त्याने १,००० यार्ड (झेल घेऊन मैदानावर कमावलेलं अंतर) पूर्ण केले नव्हते. आता कर्कला एवढे मिळत असतील तर ॲडम्सला किती मिळावेत? रिसीव्हरचा भाव असाच ठरतो. शेजारच्याचा आकडा हातात घेऊन पुढचा माणूस बोलणी करायला बसतो. काही दिवसांतच ग्रीन बे पॅकर्सनी ॲडम्सला लास व्हेगास रेडर्सकडे पाठवलं आणि तिथे त्याला ५ वर्षांचे १४ कोटी मिळाले. कॅन्सस सिटी चीफ्स आणि हिल यांची बोलणी तेव्हा चालूच होती. ॲडम्सचा आकडा जाहीर झाला आणि ती फिसकटली. २३ मार्चला हिल मायामीला गेला: ४ वर्षं, १२ कोटी. २८ एप्रिलला, ड्राफ्टच्याच रात्री, टेनेसी टायटन्सनी ब्राऊनला फिलाडेल्फियाला दिलं: ४ वर्षं, १० कोटी. सहा आठवड्यांत एका जागेचा भावच बदलून गेला. ज्या संघांनी आपल्या रिसीव्हरसाठी जुन्या भावाने पैसे राखून ठेवले होते, त्यांच्यासाठी नाकापेक्षा मोती जड झाला.

यातले मथळ्याचे आकडे मात्र जसेच्या तसे घेऊ नका. ॲडम्सच्या १४ कोटींपैकी शेवटच्या दोन वर्षांना साडेतीन-साडेतीन कोटींहून जास्त पगार लिहिलेला होता आणि त्याची गॅरंटी नव्हती. खेळाडूला आणि एजंटला सरासरी मोठी दिसावी, म्हणून ती वर्षं तिथे होती. मी असा करार वाचतो तेव्हा ती वर्षं पेन्सिलने खोडूनच हिशेब सुरू करतो. पुढे तसंच घडलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रेडर्सनी त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं, आणि तो फुगवलेला पगार लागू होण्याआधीच, २०२५ च्या मार्चमध्ये, जेट्सनी त्याला मोकळं केलं. पाहणाऱ्याला वाटलं, जेट्सनी वर्ष पूर्ण व्हायच्या आत माणूस टाकला. खरं तर त्याच्या तिथून जाण्याची तारीख करारावर सही झाली तेव्हाच जवळजवळ ठरली होती. हिलच्या कराराचीही तीच गत: १२ कोटींपैकी सुमारे साडेचार कोटी एकट्या शेवटच्या वर्षात लिहिलेले होते.

आता डेड मनी. हा शब्द बातम्यांत सतत येतो, पण त्याची रीत क्वचितच कोणी समजावून सांगतं. समजा एका रिसीव्हरला ५ वर्षांचा करार आणि सहीच्या वेळी ५ कोटींचा बोनस मिळाला. पैसे खेळाडूच्या खात्यात लगेच जातात, पण कॅपच्या वहीत ते दर वर्षी एक-एक कोटी असे पाच वर्षांवर पसरून लिहिता येतात. दोन वर्षांनी संघाने त्याला दुसरीकडे दिलं, तर न लिहिलेले ३ कोटी एकदम त्याच वर्षाच्या वहीत येऊन पडतात. सौदा १ जूननंतर झाला तर त्या वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दोन, अशी विभागणी होते. नव्या संघाला मात्र या बोनसाशी काहीच देणंघेणं नसतं. त्याच्या वहीत फक्त पुढचा पगार येतो. म्हणजे तोच खेळाडू, तोच करार, पण घेणाऱ्याला स्वस्त आणि देणाऱ्याला महाग. मग देणारा देतो तरी का? कारण एक वर्ष कळ सोसली की वही कोरी होते.

बफेलो बिल्सनी २०२४ मध्ये हेच केलं, तेही जाणूनबुजून. डिग्जने आदल्या मोसमात १०७ झेल आणि १,१८३ यार्ड केले होते. नवा करार देऊन दोनच वर्षं झाली होती. तरी त्याला ह्यूस्टनला पाठवून बिल्सनी ३ कोटी १० लाखांच्या आसपास डेड मनी अंगावर घेतला. त्या दिवशी बफेलोचे चाहते हवालदिल झाले होते, आणि मला ते समजत होतं. क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे पास झेलायला आता आहे कोण, असंच कोणीही विचारलं असतं. त्या मोसमात बफेलोचा सर्वाधिक यार्डांचा रिसीव्हर होता खलील शकीर, ८२१ यार्ड. एकही जण हजारापर्यंत पोहोचला नाही. संघाने १३ सामने जिंकले आणि ॲलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डिग्ज वाईट होता, असा याचा अर्थ नाही. चेंडू पाच-सहा जणांत वाटायचं धोरण संघाने आधी ठरवलं होतं आणि त्या धोरणात तीन कोटींचा एक माणूस बसत नव्हता.

इथून तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ: रिसीव्हरच का?

या खेळात रिसीव्हरइतकी परावलंबी जागा दुसरी नाही. सामन्यात साधारण साठ-पासष्ट वेळा आक्रमण सुरू होतं, त्यात अव्वल रिसीव्हरकडे चेंडू फेकला जातो तो आठ-दहा वेळा. बाकीच्या वेळी तो धावतो, बचावपटूला आपल्यामागे ओढतो, ब्लॉक करतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचायला पुढच्या पाच धिप्पाड माणसांनी अडीच-तीन सेकंद भिंत धरून ठेवावी लागते, क्वार्टरबॅकची नजर त्याच्या बाजूला जावी लागते आणि फेक अचूक पडावी लागते. क्वार्टरबॅक हलका असेल तर उत्तम रिसीव्हरचं अर्धं मोल वाया जातं. उलट क्वार्टरबॅक उत्तम असेल तर मध्यम रिसीव्हरही तरून जातात. पैसे वाटायला बसलेला माणूस हे गणित विसरत नाही. आधी क्वार्टरबॅक, मग त्याला वाचवणारे टॅकल, मग समोरच्या क्वार्टरबॅकवर चालून जाणारे. रिसीव्हरचा क्रमांक त्यानंतर लागतो.

दुसरं कारण पुरवठ्याचं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कॉलेजचा खेळ मैदानभर पसरलेल्या पासिंगचा झाला, शाळकरी मुलं उन्हाळ्यात सात-सातच्या सामन्यांत पाससाठीच धावू लागली, आणि रूट (पाससाठी धावण्याचे ठरलेले मार्ग) चालवायला शिकून आलेले रिसीव्हर दर वर्षी ड्राफ्टमध्ये मिळू लागले. २०२२ च्या पहिल्या फेरीत सहा रिसीव्हर गेले, २०२४ च्या पहिल्या फेरीत सात. शिवाय हिरे खालच्या फेऱ्यांतही सापडतात: हिल १६५वा, डिग्ज १४६वा, अँटोनियो ब्राऊन १९५वा, पुका नाकुआ १७७वा. नवोदिताचा करार चार वर्षांचा आणि ठरलेल्या दराचा असतो. ज्या जागेवर अनुभवी माणसाला वर्षाला अडीच-तीन कोटी मोजायचे, तिथे वीस-तीस लाखांत कोणी निम्मं-पाऊण काम करून देत असेल, तर मोह होणारच.

या दुसऱ्या कारणावर मात्र संघ गरजेपेक्षा जास्त विसंबतात, असं माझं ठाम मत आहे. पुरवठा भरपूर असणं वेगळं आणि तुम्ही निवडलेला मुलगा चालणं वेगळं. हे समजून घ्यायला तीन संघांची गुंतलेली गोष्ट पाहा.

२०२० च्या मार्चमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जनी डिग्जला बफेलोला दिलं. मिळालेल्या निवडींत पहिल्या फेरीची २२वी निवड होती. त्या ड्राफ्टमध्ये २१व्या क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सना रिसीव्हरच हवा होता. त्यांनी जेलन रेगरला घेतलं. लगेच पुढच्या निवडीला व्हायकिंग्जनी जस्टिन जेफरसनचं नाव पुकारलं. जेफरसनने पुढे काय केलं ते तुम्ही पाहताच आहात. २०२४ मध्ये त्याला ४ वर्षांचे १४ कोटी मिळाले, त्यांतले ११ कोटी गॅरंटीचे. इकडे डिग्जनेही बफेलोत पहिल्याच मोसमात १२७ झेल आणि १,५३५ यार्डांसह लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. दोन्ही संघांचं भलं झालं, असे सौदे विरळा. पण ईगल्सनी एक नाव वेगळं घेतलं असतं, तर आज हाच सौदा मिनेसोटाची घोडचूक म्हणून सांगितला गेला असता. व्हायकिंग्जची पारख चांगली होती हे खरंच. ईगल्सनी त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं, हेही तितकंच खरं.

रेगर काही रुजला नाही. म्हणून दोनच वर्षांनी ईगल्सना रिसीव्हर विकत घ्यावा लागला आणि त्यांनी ए. जे. ब्राऊनसाठी १८वी आणि १०१वी निवड टायटन्सना दिली. टायटन्सची बाजूही समजून घेऊ. आदल्या मोसमात १२ सामने जिंकून ते आपल्या कॉन्फरन्समध्ये अव्वल होते. पण क्वार्टरबॅक रायन टॅनहिल एकटाच त्या वर्षी कॅपमधले ३ कोटी ८६ लाख खात होता. ब्राऊनचा नवोदित करार शेवटच्या वर्षात आला होता आणि त्याला नव्या भावाने पैसे हवे होते. टायटन्सनी १८व्या निवडीवर लगेच ट्रेलन बर्क्सला घेतलं: तसाच अंगापिंडाने दणकट आणि स्वस्त. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात बर्क्स दुखापतींत अडकला आणि ब्राऊनची जागा भरलीच नाही. ४ डिसेंबर २०२२ ला ब्राऊनने आपल्या जुन्या संघाविरुद्ध ११९ यार्ड आणि दोन टचडाउन केले, ईगल्स ३५-१० ने जिंकले, आणि दोन दिवसांनी टायटन्सनी आपले जनरल मॅनेजर जॉन रॉबिन्सन यांना काढून टाकलं. संघाने त्या मोसमातले शेवटचे सातही सामने गमावले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. टायटन्सचं आक्रमण चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक हेन्री याच्या धावेवर उभं होतं आणि त्या धावेला फसलेल्या बचावाला शिक्षा करणारा ब्राऊन हा एकमेव माणूस होता. ज्याच्याकडे असा एकच माणूस असतो, त्याने भाव वाढला म्हणून तो विकू नये. महाग क्वार्टरबॅकचा प्रश्न दोन वर्षांत सुटणारच होता.

चीफ्सची गोष्ट वेगळी का झाली, ते आता कळेल. हिलच्या बदल्यात त्यांना पाच निवडी मिळाल्या, त्यांत त्या वर्षीची २९वी आणि ५०वी. २९वी आणि आणखी दोन निवडी देऊन ते २१व्या क्रमांकावर चढले आणि तिथे त्यांनी कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) ट्रेंट मॅकडफी घेतला. दुसऱ्याच मोसमात तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या त्या मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. ५०व्या निवडीवरून थोडं खाली सरकून त्यांनी स्काय मूर हा रिसीव्हर घेतला, तो काही विशेष चालला नाही. म्हणजे चीफ्सनाही हिलची जागा भरणारा रिसीव्हर मिळाला नाही. त्यांनी ती जागा भरलीच नाही. तो पैसा आणि त्या निवडी बचावफळीकडे वळवल्या आणि आक्रमणाची घडी बदलली. त्याला खेळातलं कारणही होतं. २०२१ मध्ये समोरचे संघ हिलच्या वेगाला घाबरून दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल मागे उभे करत आणि लांबचा पास बंद करत. हिल मैदानावर असतानाच त्याचा मुख्य उपयोग कमी होत चालला होता. २०२२ मध्ये चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सने छोटे-मध्यम पास जास्त वाटले, संघातल्याच केल्सीने ११० झेल घेतले, महोम्सच्या नावावर लीगमध्ये सर्वाधिक ५,२५० यार्ड लागले आणि तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वर्षी चीफ्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. इकडे हिलनेही मायामीत १,७१० आणि मग १,७९९ यार्ड केले. त्याचा खेळ कणभरही उतरला नव्हता. जो कोणी म्हणतो की चीफ्सनी उतरणीला लागलेला माणूस वेळेवर विकला, त्याने हे आकडे पाहावेत.

पण एक ध्यानात ठेवा: हे चीफ्सना जमलं, कारण त्यांच्याकडे महोम्स होता. ज्याच्याकडे महोम्स किंवा ॲलन नाही, त्याने चीफ्सचं उदाहरण देऊन रिसीव्हर विकणं मला धोक्याचं वाटतं.

पिट्सबर्ग स्टीलर्सचा या बाबतीत खूप उदोउदो होतो आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे. सँटोनियो होम्स सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सव्वा वर्षात पाचव्या फेरीच्या निवडीवर जेट्सकडे गेला. माइक वॉलेस मायामीच्या ६ कोटींमागे गेला. अँटोनियो ब्राऊनच्या बदल्यात मिळालेल्या तिसऱ्या फेरीच्या निवडीवर डिऑन्टे जॉन्सन आला. चेस क्लेपूलला शिकागोला देऊन मिळालेली निवड पुढच्या ड्राफ्टमध्ये ३२वी ठरली आणि तिच्यावर कॉर्नरबॅक जोई पोर्टर ज्युनियर आला. यामागे शिस्त आहे: पुढचा मुलगा आधीच्याचा करार संपण्यापूर्वी दोन वर्षं संघात आलेला असतो. सोडायच्या दिवशी पर्याय शोधायला निघालं की टायटन्ससारखं होतं.

आता स्वभाव. हे कारण चाहत्यांना सर्वांत पटतं, कारण त्याचे किस्से रंगतात. टेरेल ओवेन्सला ईगल्सनी २००५ मध्ये निलंबित केलं आणि मोसमानंतर काढलं. अँटोनियो ब्राऊनने २०१८ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक १५ टचडाउन झेलले आणि शेवटच्या आठवड्यात संघाशी बिनसून तो बाहेर बसला. स्टीलर्सनी २ कोटी ११ लाखांचा डेड मनी सोसून त्याला रेडर्सकडे दिलं, तेही केवळ तिसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या निवडीवर. रेडर्सकडून तो एकही सामना खेळला नाही. अशी उदाहरणं आहेत, नाही कशाला म्हणू? पण ही मोजकीच. बहुतेक वेळा स्वभावाची चर्चा पैशाची बोलणी फिसकटल्यानंतर सुरू होते. ज्याला सोडायचं ठरलं आहे त्याच्याविषयी ‘ड्रेसिंग रूममध्ये त्रासदायक’ अशी कुजबुज बाहेर येते, कारण चाहत्यांना ती कॅपच्या वहीपेक्षा लवकर समजते. मला हे अन्यायाचं वाटतं. रिसीव्हर चाळीस वेळा बचावपटूला मागे टाकून मोकळा होतो आणि चेंडू सात वेळा येतो. त्याचा पुढचा पगार त्या सातांवर ठरणार असतो. तो बाजूला येऊन हातवारे करतो तेव्हा त्याच्या जागी असलेला कोणताही माणूस तेच करेल. टॅकल चिडला तर कॅमेरा तिकडे वळत नाही, एवढाच फरक.

प्रशिक्षकाचा अहंकार? एक ठळक उदाहरण आहे. २०२० मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सनी डीआंद्रे हॉपकिन्सला ॲरिझोनाला दिलं आणि मोबदल्यात मुख्यतः घेतला तो रनिंग बॅक डेव्हिड जॉन्सन आणि दुसऱ्या फेरीची एक निवड. हॉपकिन्सच्या कराराची तीन वर्षं बाकी होती आणि त्याला वाढ हवी होती. बिल ओ’ब्रायन तेव्हा प्रशिक्षकही होते आणि जनरल मॅनेजरही. मैदानावरचे मतभेद आणि पैशाचा निर्णय एकाच टेबलावर आले की ‘थांबा’ म्हणणारं कोणी उरत नाही. हॉपकिन्सने ॲरिझोनात पहिल्याच मोसमात ११५ झेल घेतले. टेक्सन्स पहिले चारही सामने हरले आणि ओ’ब्रायन यांची नोकरी गेली.

खेळाडूलाच जायचं असतं, असंही घडतं, आणि मग संघावर राग काढण्यात अर्थ नसतो. पॅकर्सनी ॲडम्सला फ्रँचायझ टॅग लावला होता, म्हणजे एका वर्षासाठी सुमारे २ कोटी देऊन रोखून धरला होता. ते मोठा करारही द्यायला तयार होते. त्याला कॉलेजातला जुना सोबती डेरेक कारबरोबर खेळायचं होतं.

तुमच्या यादीतल्या उरलेल्या दोन नावांबद्दल. सॅम्युएल २०२५ मध्ये वॉशिंग्टनला गेला तो पाचव्या फेरीच्या एका निवडीवर. एवढा स्वस्त कसा? त्याच्या जुन्या संघाचा, फोर्टीनायनर्सचा, क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी हा ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू. तो वर्षाला दहा लाखांच्या आत खेळत होता तोवर सॅम्युएल, आयुक, किटल, मॅकॅफ्री सगळे एकत्र परवडत होते. पर्डीचा मोठा करार दारात उभा राहिला (मे २०२५ मध्ये ५ वर्षांचे २६ कोटी ५० लाख झाले), आयुकला आधीच १२ कोटी देऊन झाले होते, आणि सॅम्युएलला जायचं आहे हे सगळ्या लीगला ठाऊक होतं. गरजवंताला अक्कल नसते, आणि भावही मिळत नाही. डॅलस काउबॉइजनी २०२२ मध्ये अमारी कूपर अशाच भावाने दिला, कारण मार्चमध्ये त्याचे २ कोटी पक्के होण्याआधी ते त्याला मोकळं करणार, ही बातमी आधीच फुटली होती. कूपरने क्लीव्हलंडमध्ये पुढची दोन्ही वर्षं १,१०० यार्डांच्या वर काढली. तो सौदा घाईचा होता असं मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं.

कूपर कपचं प्रकरण जास्त बोलकं आहे. २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन, वर सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू. नंतर तीन वर्षं दुखापती. त्याच्या संघाने, रॅम्सनी, २०२५ मध्ये गिऱ्हाईक शोधलं, मिळालं नाही, आणि त्याला मोकळं केलं. लोक म्हणाले, एकतिशी उलटली की रिसीव्हर संपला. पण त्याच महिन्यात रॅम्सनी आणला कोण, तर त्याच्याहून वयाने मोठा, बत्तिशीतला ॲडम्स, २ वर्षांच्या ४ कोटी ४० लाखांवर. वयच कारण असतं तर असं झालं नसतं. रॅम्सचाच तरुण रिसीव्हर नाकुआ मैदानाच्या मधल्या भागात कपचंच काम करू लागला होता, तेही नवोदिताच्या पगारात. रॅम्सना बाहेरच्या कडेला, गोलरेषेजवळ एकट्या बचावपटूला हरवणारा माणूस हवा होता. एकाच कामाचे दोन पगार कोणताही संघ फार दिवस देत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या रिसीव्हरच्या मोठ्या कराराची बातमी आली की एकूण आकडा बाजूला ठेवा आणि गॅरंटी कोणत्या मार्चपर्यंत आहे ते शोधा. लीगचं नवं वर्ष मार्चच्या मध्यावर सुरू होतं आणि बहुतेक करारांत पुढच्या पगाराची किंवा बोनसाची गॅरंटी त्याच सुमारास पक्की होते, म्हणून हे सौदे त्याच्या आगेमागे घडतात. रिसीव्हर जामार चेसच्या २०२५ च्या करारात १६ कोटी १० लाखांपैकी ११ कोटी २० लाख गॅरंटीचे आहेत. अशा खेळाडूला पहिली दोन-तीन वर्षं तरी हलवणं संघाला परवडत नाही. जिथे हे प्रमाण निम्म्याच्या खाली आहे आणि संघाने गेल्या दोन ड्राफ्टमध्ये वरच्या फेरीत रिसीव्हर घेतला आहे, तिथे त्या खेळाडूचं घर बदलणार असं समजून चाला. म्हणूनच आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी नेहमी आग्रहाने सांगतो की सरासरी थोडी कमी आली तरी चालेल, तिसऱ्या वर्षाची गॅरंटी मागा. गुडघ्याच्या एका दुखापतीनंतर बाकी सगळे आकडे कागदावरच राहतात.